काला आणि शेवटची पंगत

(अखंड हरिनाम सप्ताह, काल्याचे कीर्तन. ध्वनिफितीवरून.)



अभंग गाऊन झाला, चाल गोड लागली. आता विणेकरी बुवा सोडून बाकीच्यांनी बसून घ्या. पुढं सरका, मागं ऊन आहे.

आज काला. सात दिवस तुम्ही ज्ञान ऐकलं, वैराग्य ऐकलं, भक्तीही ऐकली. पण काल मंडप अर्धा होता आणि आज पाय ठेवायला जागा नाही, हे कसं काय? कीर्तनकाराचं नाव बघून आलात म्हणावं, तर तसंही नाही. अहो, मंडपामागून वास येतोय! (हशा) मला राग नाही. मलाही येतोय तो वास. बुंदीचा पाक झालाय आणि आत्ताच आमटीला कढीपत्त्याची फोडणी बसली. कीर्तनकाराचं तोंड बोलत असतं, पण नाक काही माळ घालून बसलेलं नसतं. म्हणून म्हटलं, आज खाण्यावरच बोलू. काल्याचा विषय तरी दुसरा कुठला आहे?

यमुनेच्या काठी गाई पांगल्या, ऊन चढलं, भगवंत म्हणाले, सोडा रे शिदोऱ्या. कुणाच्या फडक्यात दहीभात, कुणाच्या लोणी, कुणाच्या लोणच्याची फोड. आणि आपला पेंद्या मागं लपून बसलेला. त्याच्या फडक्यात शिळी भाकर, तीही ताकात भिजवलेली. उघडायची लाज वाटते त्याला. भगवंताने सगळ्यांचं एकत्र केलं, पण हात पहिला कुठं घातला? पेंद्याच्या फडक्यात. काला म्हणजे हेच, माउली. एकदा सगळं मिसळलं की कोणता घास कुणाच्या घरचा हे कुणाला सांगता येत नाही.

देवाला खाण्याची आवड फार. बाहेर जेवायला देवही जायचा. हस्तिनापूरला पांडवांची शिष्टाई करायला गेला तेव्हा दुर्योधनाने केवढा थाट मांडला होता! पंचपक्वान्नं, चांदीची ताटं. देव म्हणाला, नको. दुर्योधनाने विचारलं, का नको? महाभारतात देवाने दिलेलं उत्तर मोठं रोखठोक आहे. दुसऱ्याचं अन्न दोनच कारणांनी खावं. एक, वाढणाऱ्याचं प्रेम असेल तर. नाहीतर आपल्यावर आपत्ती आली असेल तर. तुझं माझ्यावर प्रेम नाही आणि माझ्यावर काही आपत्ती आलेली नाही. एवढं बोलून उठला तो थेट विदुराच्या घरी जेवायला गेला.

देवाने दोन कारणं सांगितली. आपण हॉटेलात तिसऱ्या कारणाने जातो. कंटाळा! (हशा)

माझा भाचा शहरात नोकरीला आहे. गुणी पोरगा. म्हणाला, मामा, आज घरी नको, बाहेर जेवू. शहराबाहेर कुठं तरी वीस-पंचवीस किलोमीटर गाडी हाकली. पाटी काय होती? "घरगुती जेवण. चुलीवरची भाकरी." मी म्हटलं, बाळा, आपण घरूनच निघालो ना? घर सोडून, पेट्रोल जाळून, घरगुती जेवायला? तो म्हणाला, मामा, तुम्हाला नाही कळायचं. खरंच नाही कळलं.

आत बसलो. खाटा टाकलेल्या, कंदील टांगलेले, कंदिलात विजेचा दिवा. पोराने कार्ड आणून दिलं. माझ्या पोथीएवढं कार्ड! व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, व्हेज हैदराबादी, व्हेज पेशावरी. मी म्हटलं, ही जेवणाची यादी आहे की रेल्वेचं वेळापत्रक? आम्ही चौघं होतो, चौघांनी चार गावं मागवली. चार वाट्या आल्या. मी चारींत भाकरीचा तुकडा बुडवून बघितला. माउली, रस्सा एकच! एकात मिरची जास्त, एकावर साय, एकावर कोथिंबीर, एकावर लाल तेल. गुरुजींनी मला वेदान्त शिकवला तेव्हा घागर आणि मातीचा दृष्टान्त दिला होता. नाव वेगळं, रूप वेगळं, माती एकच. तो दृष्टान्त मला डोक्याने कळला होता. जिभेने कळला त्या हॉटेलात. (हशा)

पण सांगायचं ते पुढंच. ताट यायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस! कुणी काही बोललं नाही. भाचा त्या पोराला हसून म्हणतोय, सावकाश आणा, काही घाई नाही. भाकरी एका बाजूला करपलेली होती. तो म्हणाला, चुलीवरची आहे ना मामा, असंच असतं. बाहेर पडताना पैसे दिले, वर पोराला बक्षीस दिलं आणि गल्ल्यावरच्या माणसाला सांगितलं, जेवण झकास होतं हं.

त्याच भाच्याच्या घरी मी दुसऱ्या दिवशी जेवायला होतो. सूनबाई ऑफिसातून सात वाजता आली, हातपाय धुतले, कणीक भिजवली. पोळीला पाच मिनिटं उशीर झाला, तर आपले साहेब ताटावर वाटी वाजवतायत. टण टण टण! मी म्हटलं, अरे, काल चाळीस मिनिटं संत होतास. आज पाच मिनिटांत काय झालं तुला?

तुम्ही हसताय. बायका जास्त हसतायत, बघा. पण भाच्याचं नाव घेऊन मी सुटणार नाही. मीच तुमच्यात मोठा अपराधी आहे. का म्हणाल तर माझा धंदाच बाहेर जेवायचा. वर्षातले दोनशे दिवस मी दुसऱ्याच्या घरचं खातो. कीर्तनकाराला प्रत्येक गावात गोड असतं, तुपाची धार असते. डॉक्टर म्हणतात, महाराज, साखर बंद करा. मी म्हणतो, साखर बंद करायची तर कीर्तन बंद करावं लागेल. गावोगाव पहिला प्रश्न ठरलेला, महाराज, तिखट चालतं का? मी म्हणणार, चालतं माउली, सगळं चालतं. एका घरी वांग्याच्या भाजीत मीठच नव्हतं. माउली गडबडीत विसरली होती. मी दोनदा मागून घेतली. वर म्हटलं, काय चव आहे हो हाताला, अमृत!

त्या दिवशी आमच्या घरच्या सोबत होत्या. परत येताना एसटीत काहीच बोलल्या नाहीत. गाव जवळ आल्यावर म्हणाल्या, "अहो, त्या भाजीत मीठ नव्हतं." मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाल्या, "मग घरी एवढ्या मऊ आवाजात का नाही बोलत?"

याला उत्तर कुठल्या ग्रंथात आहे? मी तरी शोधून दमलो.

आता थोडं एकादशीचं. आपल्यात म्हण आहे, एकादशी दुप्पट खाशी. ती म्हण खाणाऱ्याने केलेली आहे. रांधणारीला विचारा. म्हातारबाबांना भगर-आमटी, महाराजांना साबुदाण्याची खिचडी, पोरांना उपास नसतो म्हणून त्यांची पोळी-भाजी वेगळी. सुनेचा स्वतःचा उपास असतो आणि चुलीवर दोन स्वयंपाक असतात. उपास त्याचा, दुप्पट तिची!

आणि ही खिचडी तरी काय आहे, बघा गंमत. आपण म्हणतो उपासाचे पदार्थ म्हणजे ऋषिमुनींपासून चालत आलेले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद समुद्रापलीकडचा, अमेरिकेच्या बाजूचा. शेंगदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा. आणि हिरवी मिरची, जिच्यावाचून आपलं पान हलत नाही, तीही तिकडचीच. पोर्तुगीज लोक जहाजांतून घेऊन आले. माउलींनी समाधी घेतली 1296 साली. तेव्हा या देशात कुणी मिरची पाहिलेली नव्हती. मुक्ताबाईने ज्ञानोबारायांच्या पाठीवर मांडे भाजले, पण त्या मांड्यांबरोबर ठेचा नव्हता बरं का. तिखट म्हणजे मिरी आणि आलं. उपासाच्या ताटात चार पाहुणे परदेशातले, आणि आपण घरच्या सुनेला सांगतो, जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही! असो. मी खिचडी सोडा म्हणत नाही. मला फार आवडते. कोण करतंय तेवढं बघा म्हणतो.

आपल्या संप्रदायाला हे नवं नाही. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात गावोगावच्या भाकरी गाड्या भरून येतात, डोंगराएवढा ढीग होतो, वरून आमटी. वारीत यवतला तुकोबारायांची पालखी पोचली की गाव पिठलं-भाकरी घेऊन उभं राहतं. लाखो भाकरींचं कौतुक आपण ऐकतो. पण भाकरीचं यंत्र असतं का हो त्या खेड्यांत? एकेक भाकरी एकेका माउलीच्या पंजाखाली थापलेली असते. तुम्ही ढीग बघता. कधी एखादी भाकरी उचलून तिच्यावरची बोटं बघा. थापताना उमटतात ती.

आता तुकोबारायांच्या घरात चला. महाराज भंडाऱ्यावर. नामात दंग. भूक नाही, तहान नाही. पण खाली देहूत एक बाई आहे, तिला त्यांची भूक कळते. जिजाई. आपले कीर्तनकार तिची चेष्टा फार करतात. कजाग होती, तोंडाळ होती, देवाला शिव्या द्यायची. मीही तरुणपणी तिचा आवाज काढून लोकांना हसवलंय. पण तिचं करणं बघा. घरात दाणे नाहीत, पोरं लहान. तशात दळून, भाजून, फडक्यात भाकरी बांधून ती उन्हात डोंगर चढते. रोज! नवरा जेवल्याशिवाय तिने तोंडात घास घातला नाही. आणि एक दिवस पायात काटा गेला. साधा नव्हे, आरपार. बाई खाली बसली, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने त्या पंढरीच्या काळ्याला शिव्या. याच्यामुळे माझा संसार बुडाला म्हणते.

आणि कोण आलं काटा काढायला?

तोच! जो शिव्या खात होता तो. पुंडलिकासाठी अठ्ठावीस युगं विटेवरून हलला नाही तो खाली उतरला, आणि त्याने तिचा पाय मांडीवर घेतला. मंडळी, इथं जरा थांबा. डोंगराच्या माथ्यावर कोण बसलं होतं? तुकोबाराय. जगद्गुरू. देव त्या वेळी त्यांच्याकडे गेला नाही. नाम घेणारा वर होता, भाकरी आणणारी खाली होती, आणि देव वाटेत तिच्या पायाशी बसला. पाय धुतलेला नव्हता हो. धुळीचा, भेगांचा, रक्ताचा पाय.

ही कथा मी किती वेळा सांगितली असेल? काही मोजदाद नाही. सांगताना माझाही गळा दाटायचा, लोकही रडायचे. आणि घरी?

माझी आई. तिची जन्मतारीख कुठं लिहिलेली नव्हती, पण ऐंशीच्या घरात होती. घरात गॅस आला तरी तिची भाकरी चुलीवरच. असाच मी चार सप्ताह करून घरी आलो. पंधरा दिवस तुपात बुडालेली जीभ, घरच्या आमटी-भाकरीला आसुसलेली. ताटावर बसलो, पहिला घास घेतला. खारट. आदल्या खेपेलाही खारटच होती. ज्याने परक्या घरी अळणी वांगं अमृत म्हणून दोनदा मागून घेतलं, तो काय बोलला असेल? मी म्हटलं, "म्हातारे, जिभेला कळत नाही तर चुलीपुढं बसतेस कशाला?"

ती काही बोलली नाही. तव्यावर भाकरी होती ती उलटली, निखाऱ्यावर फुगवली, माझ्या ताटात टाकली. दुसऱ्या दिवसापासून चुलीजवळ आली नाही.

उंबऱ्याशी बसायची. कधी शेंगा फोडायची, कधी नुसतीच. जेवायला हाक मारली की यायची, वाढलं ते खायची, कशाला नाव ठेवायची नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, म्हातारीला आराम मिळाला. केवढा पुण्यवान मुलगा! पुढं एका गावी यजमान डॉक्टर होते. जेवताना सहज बोलणं निघालं तेव्हा ते म्हणाले, महाराज, म्हातारपणी जीभ आणि नाक दोन्ही मंदावतात, काही गोळ्यांनीही तसं होतं. चव लागत नाही, म्हणून हात जड पडतो. मी त्यांच्या ताटावर बसून नुसतं हो हो म्हणत राहिलो.

मग एक दिवस दुपारीच घरी आलो. कीर्तन पावसाने रद्द झालं होतं. दारातून बघतो तर चुलीपुढं पाट टाकलेला आणि पाटावर आई. आमच्या घरच्यांनी पातेल्यातून पळी काढली, फुंकर घातली, म्हणाल्या, "आत्या, मीठ बघा बरं. मला काही अंदाज येईना." आईने तळहात पुढं केला, आमटी चाखली, डोळे मिटून विचार केला. मोठा न्यायाधीश बसावा तशी. म्हणाली, "कमी आहे गं. चिमूटभर टाक." यांनी मिठाच्या बरणीत हात घातला, रिकामी चिमूट बाहेर काढली, पातेल्यावर गोल फिरवली. "टाकलं बघा." परत पळी, परत तळहात. आई म्हणाली, "हं. आता झाली."

मी दारात उभा. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, पिशवीत पोथी. मागं फिरलो आणि गोठ्यात जाऊन बसलो.

नंतर कळलं, हे रोज चाललेलं होतं, दोन्ही वेळा. मी घरी नसताना. आई गेली तोपर्यंत चाललं. आमच्या घरात अजूनही आमटी उकळली की पळी एकदा बाहेर येते, क्षणभर थांबते, आणि परत पातेल्यात जाते. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल...

(नामगजर)

बसा. दोनच मिनिटं घेतो, हंडी बांधून तयार आहे.

आज पहाटे मला झोप आली नाही, म्हणून चहाच्या निमित्ताने मंडपामागं गेलो. आचारी बुंदी पाडत होते. त्यांची मजुरी ठरलेली आहे, त्यांचं ठीक. पण तिकडं ताडपत्रीवर पंचवीस-तीस आयाबाया पुऱ्या लाटत बसल्या होत्या. तीन वाजल्यापासून. एका म्हाताऱ्या माउलीला विचारलं, जेवायला कधी बसता? म्हणाली, "वाढपी उठल्यावर." तोवर काय राहतं? ती हसली. म्हणाली, "महाराज, बुंदी संपते. आमटी राहते तळाची. तळाची चांगली तिखट लागते." आणि कीर्तन ऐकायला येतं का? म्हणाली, "भोंगा इकडंच तोंड करून बांधलाय की. पण कढईचा आवाज मोठा." मी म्हटलं, कालचं कीर्तन कशावर झालं? म्हणाली, "काय माहीत बाई. मंडपात हसले की आम्हीपण हसतो."

आत्ता तुम्ही हसलात ना चार-पाच वेळा? तिकडं त्याही हसल्या असतील. कशाला ते त्यांना माहीत नाही.

तेव्हा कमिटीचे अध्यक्ष कुठं आहेत? पुढं या. घाबरू नका, देणगी मागत नाही. (हशा) मला आजची बिदागी कमी द्या, पण एवढं करा. आज पहिली पंगत त्या लाटणाऱ्यांची. काय म्हणता? बाहेरगावचे पाहुणे आहेत? पाहुणे मंडळी, तुम्ही माझ्याबरोबर दुसऱ्या पंगतीला. चालेल ना? हात वर करा. बघा, सगळे हात वर आले.

आता प्रश्न उरलेल्या पुऱ्यांचा. त्या कोण लाटणार? भजनी मंडळ! सात दिवस टाळ वाजवलेत, मनगटं मोकळी झालीत तुमची. पुरी गोल नाही आली तरी हरकत नाही. आमटीत बुडाली की कुठला आकार राहतो? मृदंगाचार्य, तुम्ही तळणीवर. तुमचा हात तालात चालतो, झारा तालात फिरवा. वाढायला तरुण मंडळाची पोरं घ्या. आणि अरे, विचारत जा रे वाढताना. नुसतं ताटात आदळू नका.

ते बघा, ती माउली हात पुसत पळाली. काय म्हणते? कढईत घाणा आहे, करपेल म्हणते. अडवा तिला कुणी तरी, झारा घ्या हातातून. करपू दे एक घाणा. काल भाचा म्हणाला तसं म्हणू, चुलीवरचं आहे, असंच असतं.

पत्रावळी मांडा. भोंगा फिरवा इकडं, आता त्याचं तिकडं काम नाही. दोरी जरा सैल सोडा, हंडी खाली येऊ द्या. पहिल्यांदा लाह्या-दही त्या पहाटेच्या म्हातारीच्या हातावर द्या, मग माझ्या. आणि ऐका रे, बुंदीची पाटी आधी त्या पंगतीत फिरवा, दोनदा फिरवा. बोला, ज्ञानोबा-तुकाराम!